हातगुण

२ मार्च
आले एकदाची! खोली एवढीशी, पण खिडकी ऐसपैस आणि नळाला चक्क गरम पाणी. अपघात विभाग खालच्याच मजल्यावर, म्हणजे उठलं की ड्युटीवर. मोठ्या सिस्टर फार कडक म्हणून आईने उगाच घाबरवलं होतं. त्यांनी तर मला स्वतः चहा करून दिला.

५ मार्च
पहिली मोठी केस. ट्रकखाली आलेला माणूस, मांडीतून रक्ताची धार. तीन नंबरच्या खाटेवर घेतला. असा पेशंट गार पडला की त्याचं रक्त गोठतच नाही. एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून गळायचं. म्हणून एकीने गरम पांघरूण घातलं, दुसरीने प्लाझ्मा लावला आणि जखम दाबायला सिस्टरांनी मला पुढे केलं. जरा वेळाने रक्त थांबलं. सर्जन म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे हं. दिवसभर मी हवेत.

११ मार्च
तीन नंबरवर आणखी दोघं वाचले. दाबायला मीच. बाकीच्या नर्स त्या खाटेवर सगळं करतात, जखमेला तेवढा हात लावत नाहीत. विचारलं तर एक हसून म्हणाली, आमचे हात कुठले तुझ्यासारखे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
सकाळी हिरड्यांतून रक्त आलं. ब्रश बदलायला हवा.

१५ मार्च
दंडावर काळेनिळे डाग. कुठे आपटले, आठवत नाही. इंजेक्शनची काच बोटाला जराशी लागली तर पट्टीवर पट्टी भिजतेय.
माझ्याआधी इथे कोण होती, विचारलं. तिचाही हातगुण चांगला होता, म्हणाल्या सिस्टर, आणि कामाला लागल्या.

१८ मार्च
माझं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. शेजारी तीन नंबरच्या पेशंटचं. त्याचं जेलीसारखं घट्ट झालं. माझं अजून पाणी. माझ्यातलं जातंय ते त्यांना मिळतंय.
दुपारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आणली, तीन नंबरवरच. मी दाबणार नाही म्हणाले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मग मरू दे तिला."
दाबलं. काय करणार होते?

२० मार्च
नाकातून येतंय, थांबत नाही. राजीनामा लिहिला. उद्याची गाडी. आईला काही कळवलं नाही. खूप भीती वाटतेय.

२१ मार्च
जिन्यात चक्कर — डावं कोपर फुटलं. शुद्धीवर आले ती तीन नंबरवर. उजवा हात मोकळा, म्हणून लिहितेय. प्लाझ्मा आत जातो तसा बाहेर — सर्जन नजर चुकवतात — कोणीतरी दाबा म्हणून विनवलं — सगळ्या लांब उभ्या —

दुपार
नवी नर्स. आजच रुजू झालीय. सिस्टर तिला घेऊन आल्या. पोरसवदा आहे. तिला सांगायलाच हवं, हात लावू नकोस — तोंड उघडलंही मी —
दाबलं तिने.
थांबतंय. खरंच थांबतंय. ती विचारतेय, ताई, दुखतंय का, सोडू का?
मी म्हणाले, "नको गं, अजून थोडं घट्ट —