पाणसळीतली मोरी

७ जानेवारी, मंगळवार

ठरलं म्हणे! आईला विचारलं नाही, सांगितलं. गजू जेवता जेवता म्हणाला, येत्या आठवड्यात मोरी फोडायची, कडिया, इथला गवंडी, बघून ठेवलाय. शीतलला सातवा महिना लागलाय, त्या निसरड्या फरशीवर बायकोला रोज पाठवणार नाही.

चुकीचं काहीच नाही त्याचं. बावीस वर्षं मीच ओरडत आले, फोडा ही मोरी म्हणून. आणि आज ताट अर्धं टाकून उठले.

८ जानेवारी, बुधवार

ही फरशी ह्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली. इथल्या कडोदऱ्याच्या कारखान्यात लूम बसवायचं काम करायचे. लूम पाणसळीत, अगदी समपातळीत, नसला तर धोटा उडतो, कापड बिघडतं — तेच डोक्यात. कारखान्यातली बुडबुड्याची पाणसळ घरी आणली आणि मोरीसुद्धा लूमसारखी बसवली. कुठे केसभर खाली नाही, वर नाही. झाल्यावर मधोमध काचेची गोटी ठेवली. “देख, गोटी हालस का?”

मी म्हटलं, गोटी हालत नही तं पानीबी हालत नही.

तोंड बघण्यासारखं झालं होतं! पुढच्या दिवाळीला फोडून उतार काढू म्हणाले. अशा एकवीस दिवाळ्या गेल्या. बाविसावीला हेच नव्हते.

९ जानेवारी, गुरुवार

कडिया येऊन गेला. बन्सीलाल नाव. पिशवीतून पाणसळ काढली, चारी कोपऱ्यांत ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. “मासी, आ लादी कोणे नाखी? एकदम लेवलमां छे!” मग हसायलाच लागला, की बाथरूम कुणी लेवलमध्ये घालतं का, पाण्याने जायचं कुठे?

मला राग आला. बावीस वर्षं मी हेच बोलले, पण ते मी बोलायचं. त्याने नाही.

सोमवारी येतो म्हणाला. मी म्हटलं, कमुरता आहे, या दिवसांत नवं काम काढत नाहीत, उत्तरायण होऊ दे. गजू बघतच राहिला. “आई, आपण कधीपासून कमुरता पाळायला लागलो? ते शेजारच्यांचं असतं.” मी म्हटलं, सुरतेत राहतो तर सुरतेचं पाळावं.

१० जानेवारी, शुक्रवार

खरं लिहिते. इथे कोण वाचणार आहे?

पाणी ओढताना मी ह्यांच्याशी बोलते. रोज. दार लावून. दोन खोल्यांच्या घरात दुसरी जागा नाही. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की पाणी तुंबलेलं असतं, वायपर हातात घ्यावाच लागतो, आणि वायपर घेतला की तोंड सुरू होतं. हे होते तेव्हा बाहेर चहा पीत बसायचे, मी आतून भांडायचे — बघा तुमची पाणसळ! गेल्या चैत्रात हे गेले. तेराव्यानंतर पहिल्यांदा वायपर घेतला आणि सवयीने तेच बोलले. मग थांबताच येईना. आता सगळंच सांगते. दूधवाला बदलला. शीतलला दिवस गेले. माझ्या गुडघ्याचं. दहा मिनिटं लागतात पाणी ओढायला. कधी पंधरा.

उतार निघाला की पाणी आपलं आपण जाईल. मग मी आत कशाला थांबू?

१२ जानेवारी, रविवार

चैन नाही. तीनदा मोरी घासली. हात सोलले.

१३ जानेवारी, सोमवार

गजू आंघोळीला गेला की नळ सताड सोडतो. अर्धा अर्धा तास. टाकी रिकामी होते आणि मला तळ्यात वायपर मारावा लागतो. आज पुन्हा बोलले. टॉवेल तोंडावर घेतला आणि तसाच खोलीत गेला. बाप असा नव्हता. दोन बादल्यांत आटपायचा.

१५ जानेवारी, बुधवार

उत्तरायण झालं. गच्चीभर मांजा पडलाय. गजू म्हणाला, आता बोलावू ना कडियाला? मी म्हटलं, आपला पौष चालू आहे, अमावास्येपर्यंत थांब.

“काल गुजराती होतीस, आज मराठी झालीस,” म्हणाला. शीतल तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले असते.

१६ जानेवारी, गुरुवार

मराठी मंडळाच्या वाचनालयातून घरबांधणीचं एक जुनं पुस्तक आणलं. चौथीत शाळा सुटली, पण अडलं तर दुसऱ्यांदा वाचते, तिसऱ्यांदा कळतंच. न्हाणीघराचं एक अख्खं प्रकरण आहे! फुटाला पाव इंच उतार हवा. फरशी खरखरीत. भिंतीच्या लाद्या मोठ्या, म्हणजे सांधे कमी. सांधा कमी तेवढा मळ कमी. भिंत आणि फरशी मिळतात तिथे गोलाई द्यावी, काटकोनात शेवाळ बसतं. हे तर मी पुस्तक न वाचता सांगितलं असतं.

वहीच्या मागच्या पानावर मोरी काढून बघितली. उतार दाखवायला बाण काढायचा होता. पेन्सिल तिथेच थांबली.

१८ जानेवारी, शनिवार

गजूने लाद्यांचे नमुने आणले. काळ्या, चकचकीत. म्हणे यात मळ दिसत नाही. मी विचारलं, मळ लपवायचाय की काढायचाय? आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर आधी दिसतील. आणि ॲसिड घरात आणायचं नाही, ते सांध्यातलं सिमेंट खातं. मी लिंबाच्या साली घासते, तशाच घासेन.

गजू म्हणाला, म्हणजे करायचं नक्की?

मी भाजी निवडत बसले.

१९ जानेवारी, रविवार

शीतल पडली.

पूर्ण नाही. नळ धरला म्हणून बसल्यासारखी पडली. कोपर सोललं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ ठीक आहे, ठोके मलाही ऐकवले. ती उलट माझी समजूत घालत होती, काही झालं नाही आई, काही झालं नाही.

नळाखालचा कोपरा मी ओढलाच नव्हता. बोलण्याच्या नादात. काय सांगत होते ते तरी आठवावं! कालच्या लाद्यांचं सांगत होते. काळ्या नकोत म्हणून.

घरी आल्या आल्या गजूला म्हटलं, बोलाव त्याला. उद्याच.

“पौष?”

“खड्ड्यात गेला पौष.”

२० जानेवारी, सोमवार

फोडली. पहिला घाव बसला तेव्हा शेजाऱ्यांकडे जाऊन बसले. घट्ट बसवलीय हो, बन्सीलाल घामाघूम झाला होता. एक लादी अख्खी निघाली. धुऊन तुळशीच्या कुंडीखाली ठेवली.

२४ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळी. बन्सीलालच्या मागे मी उभीच. माझ्या वहीतलं पान त्याने भिंतीला खिळ्याने लावलंय, बाण आता काढलाय त्यावर. आज उतार झाला तेव्हा म्हटलं, थांब. ह्यांच्या खोक्यातून गोटी आणली आणि दारापाशी ठेवली. निघाली की! सरळ जाळीवर, टक.

आता हालली बरं का, असं म्हणणार होते. कडिया समोर होता. गिळलं.

३० जानेवारी, गुरुवार

नवी मोरी वापरायला लागलो. फिक्या, खरखरीत लाद्या. कोपऱ्यांना गोलाई. साबणाला एकच कोनाडा, बादली स्टुलावर, खाली काही नाही. तांब्याभर पाणी टाकलं की झालं. दोन मिनिटं. शीतल भिंत न धरता जाते-येते. याच्यासाठीच तर केलं.

वायपर बाहेर खुंटीला टांगला.

आज दार लावून उभी राहिले. तोंडातून शब्द निघेना. स्वच्छ जागेत नुसतं उभं राहून काय बोलायचं? बाहेर आले. पुन्हा गेले. पुन्हा बाहेर. गजू म्हणाला, काय हरवलंय का आई?

१ फेब्रुवारी, शनिवार

नवा नळ, आणि हा पठ्ठ्या तसाच! अर्धा तास सताड. दारावर थाप मारून बोलले, तुझ्या आबांनी असं पाणी कधी सांडलं नाही. आत नळ आणखी मोठा सुटला. नुसतं पाणी.

२ फेब्रुवारी, रविवार

शीतल पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, तुम्ही हल्ली आत बोलत नाही.”

मी हातातलं ताट खाली ठेवलं. ऐकू यायचं का म्हणून विचारलं.

“ओट्यापाशी सगळं ऐकू येतं. तुमचंपण आणि यांचंपण.”

“गजूचं काय ऐकू येतं? तो तर नळ सोडून बसतो.”

“आबांशी बोलतात. म्हणून तर नळ सोडतात.”

नळावरून उद्या काही बोलायचं नाही.