तुमचं अक्षर वाचणारी मी एकटीच

बाबा, तुमची नात आता सतरा वर्षांची आहे, आणि परवापरवापर्यंत तिची अशी समजूत होती की तिने डॉक्टर व्हावं ही तुमची इच्छा होती. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी ती जन्मली, त्यामुळे तिच्याबद्दल तुम्ही काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. ती समजूत मी करून दिली, तुमच्याच पत्राच्या आधाराने. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते आधी मला समजावतील, आणि मला सध्या समजावून घ्यायचं नाही.

आधी इथली, अमेरिकेतली पद्धत सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट लागेल. इथे मुलं शाळा संपली की चार वर्षं साधं कॉलेज करतात, मग वेगळी परीक्षा, वेगळे अर्ज, आणि मग कुठे मेडिकल. पण काही ठिकाणी दोन्हींचा मिळून एकच कोर्स असतो. बारावीत असतानाच, इतर मुलांच्या आधी अर्ज करायचा, निबंध लिहायचे, मुलाखत द्यायची, आणि घेतलं तर मेडिकलची सीट सतराव्या वर्षीच पक्की. सात-आठ वर्षं मार्क टिकवले की झालं. सीटा मोजक्या असतात आणि अर्ज ढिगाने येतात. तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे बारावी झाली की मुलं सरळ मेडिकलला जायची, त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. आम्ही इतक्या लांब आलो, मुलांना इथे मोकळेपणाने वाढवतोय असं एकमेकांना सांगत राहिलो, आणि शेवटी इथेही नेमकं तेच दार शोधून काढलं. आम्ही राहतो त्या गावात, हर्नडनमध्ये, आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत याच गोष्टी चालतात. माझी एक नागपूरची मैत्रीण आहे. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अशा एका कोर्सला लागला, तेव्हापासून इथल्या मराठी आयांमध्ये तिचा शब्द शेवटचा. ती मला म्हणाली, "अगं, अर्ली म्हणजे अर्लीच. नोव्हेंबर लागला की संपलं, यार. आणि डॉक्टर का व्हायचंय, त्या निबंधात काहीतरी घरचं टाका. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे."

घरचं काय टाकायचं हे शोधायची वेळ आलीच नाही. जुलैत पासपोर्टची फाइल उपसताना तुमच्या नातीला तुमचं पत्र सापडलं. निळं, तीन घड्यांचं, मी अमेरिकेत आले त्या पहिल्या वर्षी तुम्ही पाठवलेलं. तुमचं ते एकच पत्र माझ्याकडे आहे. ती ते घेऊन स्वयंपाकघरात आली. मी भेंडी चिरत होते. मराठी शाळेत पाच वर्षं दर रविवारी नेऊन बसवल्यामुळे तिला छापील मराठी वाचता येतं, कमळ-बदकापर्यंत गाडी नीट चालते. पण तुमचं अक्षर! ते तुमच्या कंपाउंडरकाकांना यायचं, मला यायचं, आणि तुम्हाला स्वतःलाही दुसऱ्या दिवशी यायचं नाही. शाळेतून आले की मी दवाखान्यात बसून बाटल्यांवर चिकटवायच्या डोसाच्या पट्ट्या कातरायची, आणि तुम्ही आतून चिठ्ठी पाठवलीत की काकांच्या आधी वाचून दाखवायची. आता काकाही नाहीत. तिने फोन पत्रावर धरून पाहिला, फोननेही हात टेकले. "आई, व्हॉट डझ इट से?" असं तिने विचारलं आणि मी हात पुसून पत्र घेतलं.

मी वाचायला लागले तेव्हा खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने धरा. पहिल्या दोन ओळी मी बरोबर सांगितल्या, तब्येत, आईचे गुडघे. मग तिसरी ओळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, की आजोबा म्हणतात, तू नाही झालीस तरी घरात पुन्हा कुणीतरी डॉक्टर व्हावं असं फार वाटतं. पुढचं सगळं मी त्या एका वाक्याला शोभेल असं रचत गेले. ती ओट्याला टेकून ऐकत होती. "ही रोट दॅट? खरंच?" म्हणाली. मी म्हटलं, हो. मग तिने पत्र माझ्याकडून परत घेतलं आणि त्या निळ्या कागदावर, जिथे तिला एक अक्षरही लागत नव्हतं तिथे, बोट ठेवून विचारलं, "इथे?" मी म्हटलं, हो, तिथेच.

ऑगस्टमध्ये तिने निबंध लिहिला. अर्ज भरायला मदत करणाऱ्या सल्लागार बाईंना तो इतका आवडला, की तो बदलू नका म्हणून त्यांनी मला मुद्दाम फोन केला. ज्याला मी कधी भेटले नाही त्या माणसाला दिलेला शब्द मी पाळते आहे, अशा अर्थाचा शेवट होता. नवऱ्याने वाचला आणि चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, छान आहे, आणि कुकर लावायला गेले. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी स्वतःची समजूत अशी घातली की मी तुमच्यासारखं केलं नाही, तिचा अर्ज मी भरला नाही, ती स्वतः भरते आहे. मी फक्त कारण पुरवलं होतं.

माझा अर्ज तुम्ही भरलात. मेडिकलच्या गुणवत्ता यादीत नाव लागलं त्या दिवशी तुम्ही दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवलात, जे आजीच्या तेराव्यालाही केलं नव्हतंत. मग मला पोचवायला एस्टीने आलात, मांडीवर एक पत्र्याची ट्रंक घेऊन. कंडक्टरने विचारलं काय आहे, तुम्ही म्हणालात पुस्तकं. त्यात तुमचा स्वतःचा हाडांचा सेट होता, कॉलेजात असताना तुम्ही घेतलेला, प्रत्येक हाडावर बारीक पेन्सिलीने नावं घातलेला. सगळ्या मुलींना सीनियरकडून मिळालेली हाडं होती, मला बापाची होती, याचा मला खरोखर अभिमान वाटला होता. हॉस्टेलच्या खाटेखाली ती ट्रंक दीड वर्ष राहिली. मला रक्ताची भीती नव्हती, वासाचीही नव्हती, तसं लोकांना नंतर सांगितलं कारण ते लोकांना पटतं. मला फक्त त्या कशात रस वाटत नव्हता. पाठ करायची, पास व्हायची, आणि दर वेळी वाटायचं की मी कुणाच्या तरी घरी पाहुणी आले आहे आणि निघायची वेळ कधीच होत नाही.

दुसऱ्या वर्षी मी ट्रंक घेऊन परत आले. तुम्ही पेशंट तपासत होतात, बाकावर सहा-सात माणसं बसली होती. मी आत येऊन सांगितलं की मी नाव काढून आले. तुम्ही कानातून स्टेथोस्कोपही काढला नाहीत. म्हणालात, "दुसऱ्या कुणाची तरी सीट वाया घालवलीस." कंपाउंडरकाका बाटली धुवायच्या निमित्ताने मागे गेले. तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारलीत. मग चार महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि नंतर बोललात तेव्हा जेवायला ये, दिवा लाव, एवढंच. मी संख्याशास्त्र घेतलं, कॉम्प्युटर शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, इकडे आले. माझं चांगलं चाललं, हे मी तुम्हाला दाखवण्यासाठी चालवलं असंही नाही. पण ते वाक्य मी कुठेही गेले तरी बरोबर आलं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरच्या मैत्रिणीने आमच्या डायनिंग टेबलावर मुलाखतीची तालीम घेतली. मैत्रीण एका बाजूला, तिच्यासमोर तुमची नात, वर सुटाचा कोट, खाली पायजमा. मी पोहे करत होते. बराच वेळ छान चाललं होतं. मग मैत्रिणीने विचारलं, "समजा, तुझ्या आजोबांनी ते लेटर लिहिलंच नसतं, तर तू आज इथे असतीस?" पोरगी कोटाच्या बाहीचं बटण फिरवत राहिली. मी गॅस बंद केला. "आय डोन्ट नो," ती म्हणाली, "मेबी नॉट." मैत्रीण म्हणाली, "अगं, इथे पॉज नको हं, हे उत्तर पाठ करून टाक." आणि तुमची नात मान डोलावून ते वहीत लिहून घ्यायला लागली. तिची ती खाली घातलेली मान मी पाहिली आणि मला माझीच दीड वर्षं दिसली. माझ्या एका वाक्याच्या भरवशावर ती पुढच्या आठ वर्षांवर सही करणार होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ती शनिवारी वृद्धाश्रमात जाते, तिथल्या आजी-आजोबांना जेवायला मदत करते. दुपारी तिला आणायला गेले तेव्हा पत्र पर्समध्ये ठेवलं होतं. इथे मुलांशी बोलायचं ते गाडीतच, समोरासमोर बसावं लागत नाही. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि म्हटलं, "मी तुला आजोबांचं पत्र चुकीचं वाचून दाखवलं होतं."

"चुकीचं म्हणजे? लाइक, बाय मिस्टेक?"

"नाही. मुद्दाम."

मग मी पत्र उघडलं आणि एकेक वाक्य आधी तुमच्या शब्दांत वाचलं, मग तिच्या भाषेत सांगितलं. तुम्ही लिहिलं होतंत, "त्या दिवशी दवाखान्यात मी बोललो ते खोटं होतं. सीट तू वाया घालवली नाहीस, मी घालवली. ती मी माझ्यासाठी घेतली होती, तू फक्त सही केलीस. सतरा वर्षांच्या मुलीला निदान विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मला क्षमा कर. जमलं तर उत्तर पाठव. रागाचं असलं तरी चालेल."

ती म्हणाली, "आई, आय बिल्ट द होल थिंग ऑन दॅट." रडली नाही. दार उघडून उतरली आणि पार्किंगला दोन फेऱ्या मारल्या, मी आरशात बघत बसले. परत आली तेव्हा थंडीने नाक लाल झालं होतं. तिने विचारलं, मी डॉक्टर व्हावं असं तुला वाटतं का. मी हो म्हटलं, आता आणखी कुठे खोटं बोलायचं. "आणि मी नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, मला वाईट वाटेल, चांगलंच वाईट वाटेल, तरी नाही म्हण. ती म्हणाली, "मला वृद्धाश्रमात आवडतं. पण आठ वर्षं आवडेल का, हाऊ वुड आय नो?" मी गाडी सुरू केली.

मैत्रिणीला कळलं तेव्हा ती माझ्यावर भडकली. डेडलाइन आठ दिवसांवर आणि तू हे आत्ता सांगतेस, वेडी आहेस का, म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. तुमच्या नातीने यादीतले सगळे एकत्र कोर्स काढून टाकले आणि एकच ठेवला. बाकीचे साधे अर्ज, चार वर्षांचे. त्या एकासाठी निबंध नवा लिहिला, तोही मला दाखवला नाही. सल्लागार बाईंनी वाचला असेल, त्यांचा फोन मात्र आला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता तिने जेवणाच्या टेबलावर बसून बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, खूप भूक लागली आहे. मी थालीपीठ लावलं. घेतील की नाही हे काही दिवसांनी कळेल. घेतलं नाही तर मला वाईट वाटणार आहे आणि घेतलं तर मला भीती वाटणार आहे, ते मी तिच्यापुढे येऊ देणार नाही.

थालीपीठ खाता खाता तिने विचारलं, "मग तू आजोबांना काय रिप्लाय दिलास?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला इतका सरळ कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "पत्र नाही लिहिलं. फोन केला. खूप वेळ बोललो आम्ही." ती म्हणाली, "गुड. आय'म सो ग्लॅड," आणि दुसरं थालीपीठ मागितलं.

मी फोन केला नव्हता, बाबा. रविवारचा फोन तर दर रविवारी होत होता. आईचं बोलून झालं की तुम्ही रिसीव्हर घ्यायचात, तिकडे थंडी किती आहे विचारायचात, मी सांगायची, आणि मग तुम्ही थोडं थांबायचात. तुम्ही कशासाठी थांबताय ते मला कळत होतं. मी म्हणायची, आईला द्या. पत्र आल्यापासून तुम्ही जाईपर्यंत आठ महिने असंच चाललं. सगळ्यांना मी सांगितलं की उत्तर लिहायचं राहून गेलं, कामाचं, नव्या देशाचं निमित्त होतं. राहून गेलं नव्हतं. पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला माफ केलं होतं. फक्त चार महिने गप्प बसणं कसं असतं ते तुम्हालाही कळावं म्हणून, अजून थोडे दिवस तुम्हाला थांबायला लावावं असं मला वाटत होतं.