फाटकाशी मोगरा

१५ मार्च १९५३, कोल्हापूर
झुंबरआत्याला आता अजिबात दिसत नाही. तिचा मुलगा कृष्णातदादा कोडोलीहून येऊन बजावून गेला. जोतिबाची यात्रा झाली की परत येतो. पायरीपासून फाटकापर्यंत आई एकटी चालली तर राहू दे इथं. नाहीतर कोडोली. तिथं सून खाटेवर बसवून ठेवणार, हे आत्याला पक्कं ठाऊक. म्हणाली, "मला वास दे रं पोरा, वाट माझी मी काढते."
मी स्कीम काढली. कुंपणाच्या कडेनं कुंड्या. पायरीशी मरवा, वळणावर दवणा, फाटकाशी मोगरा. मोगऱ्याचा वास आला की हात पुढं, कडी ओढायची. मॅट्रिक झालेल्यांना हे सुचायचं नाही.

१७ मार्च
मरवा लावला. शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, रातराणी लावा की. मी समजावलं, ती फक्त रात्री वास देते. तर म्हणतात, "मग झालं की. हिला कायमचीच रात्र हाय." आत्या हसली. मी हसलो नाही. स्कीमवर टीका होती ती.

२० मार्च
मोगरा आणायला निघालो. वाटेत दोस्त पिराजी भेटला. कुरुंदवाडला कुस्त्या आहेत म्हणाला. कुरुंदवाडचा मोगरा चांगला असतो म्हणे. कोण म्हणतं ते आठवत नाही. चाललो.

२६ मार्च
परत. कुस्त्या फर्स्ट क्लास. मोगरा राहिला. मरव्याला कुणी पाणी घातलं नाही. आत्या म्हणाली, वास येईना झालाय. म्हटलं, तुला सर्दी झालीय.

३० मार्च, पौर्णिमा
जोतिबाच्या डोंगरावर. गुलालानं लाल झालो. लोक देवाला दवणा वाहत होते. मी दोन जुड्या जास्तीच्या घेतल्या, घरी येऊन कुंडीत खोचल्या. बी पेरा, रोप वाढवा, भानगडच नाही. देवाचा दवणा, जगेलच.

३ एप्रिल
दवणा वाळला. बायडाबाईंनी उपटून दाखवला. "पावणं, मुळं डोंगरावरच ठिवून आलाय व्हय?" बाई फार बोलते. मी परत खोचला. वाळला तरी दवण्याला वास असतो. माझी मूळ कल्पना तीच होती.

४ एप्रिल, संध्याकाळ
उद्या दादा येणार. मोगऱ्याचं रोप मिळालं, पण एक कळी नाही. माळी म्हणाला, दम धरा. दादा धरेल का? महाद्वाराच्या बाजारातून मोगऱ्याचं अत्तर आणलं, कुंडीवर शिंपडलं. आत्याला सांगितलं, फुललाय. तिनं पानं चाचपली. "फूल लागंना की रं हाताला." म्हटलं, नाजूक जात आहे, हात लागला की गळतं. गप्प बसली. पटलं.

५ एप्रिल, दुपार
सकाळी कुंड्यांवर बादलीनं पाणी ओतलं. दादाला झाडं टवटवीत दिसायला हवीत. उरलेलं अत्तर शर्टाला चोळलं, वाया कशाला घालवा.
दादा फाटकाशी उभा राहिला. बायडाबाई कुंपणापलीकडं. मी गोठ्याच्या दाराशी, तिथं सावली होती. आत्या पायरी उतरली. एक हात कुंपणावर. दवण्यापाशी बरोबर वळली. ताठ चालत होती. मग थांबली, वास घेतला, कुंपण सोडलं आणि सरळ माझ्याकडं आली. हात पुढं केला, माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि ओढलं.
"बघ कृष्णात," म्हणाली, "पोचले."
मी हळू म्हटलं, आत्या, हे फाटक न्हवं. तरी तिनं बटण सोडलं नाही. ओढतच राहिली.

६ एप्रिल
स्कीम चुकलेली नाही. वास अचूक पोचला, जागा तेवढी हलली. दादाला ते शास्त्र कळायचं नाही.
टांगा आला. मी म्हटलं, मीही येतो कोडोलीला. तिथं अंगण मोठं आहे, नव्यानं लावू. आत्याला चढवायला हात दिला. तिनं माझा हात चाचपला, बाजूला सारला आणि दादाला विचारलं, "ह्यो येणार न्हाय न्हवं?"