तांबड्याचा घाम

छावणी, ३० जून १९९४

ती. सारुलताईस गोन्चिगचा सा. न. वि. वि.

शहरात, जनावरांच्या दवाखान्यात, तुझं बरं चाललंय ना? इथे मेंढ्या अंग धरताहेत, घोड्या भरपूर दूध देताहेत. शर्यत तोंडावर आलीय आणि आपला तांबडा अगदी तयार झालाय बघ! रोज उन्हात दामटतो, पोट आवळायला रात्रभर उपाशी बांधतो. परवा पळवून आणला आणि घाम निपटायची पट्टी अंगावरून फिरवली, तर कोरडी ठणठणीत! पाण्याकडेही बघत नाही पठ्ठ्या. बाबांच्या हाताखालीसुद्धा असा घोडा झाला नव्हता. यंदा नोमिन त्याच्यावर बसणार. लेक माझी, पण हट्टीपणा सगळा आत्याचा! सबबी न सांगता ये. माया आहेच, ती वाढव.

उलानबातर, ४ जुलै १९९४

चि. गोन्चिगास आशीर्वाद.

जीपवाला निघालाय, म्हणून घाईत लिहितेय. अरे वेड्या, ही तयारी नव्हे, घोडा आतून सुकलाय! घामाबरोबर अंगातलं मीठ जातं, आणि मीठ गेलं की घोड्याला तहानच कळत नाही. त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोड. तशीच उभी राहिली तर समज. असे घोडे आमच्याकडे येतात, बरेचसे परत जात नाहीत. त्याला मिठाचं पाणी पाज, चरायला सोड, यंदा पळवू नकोस. माझ्यावर चिडशील, खुशाल चीड. नोमिनला पापा. उत्तर धाड, जीव टांगणीला लागलाय.

छावणी, १५ जुलै १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. चिमटीही घेतली, कातडी उभीच राहिली. पण सगळ्या मुलुखाच्या तोंडी तांबड्याचं नाव होतं, माझ्याच्याने माघार घेववली नाही. तांबडा पहिला आला. जिंकलेल्या घोड्याचा घाम शुभ, म्हणून माणसं तो कपाळाला लावायला धावली, तर हाताला नुसती धूळ लागली. मग काळजाच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या कुशी उडायला लागल्या, मूत काळपट झालं. मिठाचं पाणी पाजायला गेलो, ते तोंडातून बाहेर आलं. संध्याकाळी गेला गं. नोमिन माझ्याशी बोलत नाही. हवं तेवढं रागाव, पण भावाला टाकू नकोस.

तुझा,
गोन्चिग

ता. क. काल पलीकडचा लोदोय आपला घोडा घेऊन आला, तांबड्याला तयार कसं केलं ते विचारायला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग विचारलं की ते खरं, पण पहिला तर आला ना?