दोमितिलाचा खांदा

सांता रोसा दे ला कुएस्ता, पेरू

प्रिय आई,

दर वेळी पहिल्याच ओळीत आशीर्वाद मागतो. आज शेवटी मागेन. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या संताची पालखी यंदा मी बनवली. कुणाकडे शिकलो नाही, पण एकही सांधा हलत नाही. खांदेकरी मात्र उंचीनं जुळवावे लागतात. दोन बोटांचा फरक पडला तरी संत कलतो.

पुढच्या डाव्या दांडीला दर वर्षी सुईण दोमितिला असते. यंदा तिनं भर सभेत सांगितलं, "माझा देवावर विश्वास नाही. लपवून खांदा लावणार नाही. नको असेन तर आत्ताच सांगा."

मला वाटलं, आता हिला वाळीत टाकणार. तेवढ्यात खांदेकरी जुळवणारा म्हातारा निकानोर खेकसला, "देवाचं तुझं तू बघ गं! पण तुझ्या उंचीचं दुसरं आणू कुठून?"

तिनं चर्चच्या दारापर्यंत पालखी नेली, दांडी निकानोरकडे दिली आणि बाहेर थांबली. संत कलतच आत गेला, पण तिला कुणी बोललं नाही. काय बाई आहे!

आई, मीही तिच्याशेजारी बाहेरच उभा राहिलो. माझाही विश्वास नाही. हे लपवून तुझा आशीर्वाद घ्यायचा नव्हता.

आता मागतो. देशील ना?

तुझाच,
एवारिस्तो