उजवा गाल माझा

प्रिय बाबा,

आधी बसा. दुकानातली खुर्ची रिकामी नसेल तर गिऱ्हाइकाला उठवा, पण बसा! तुमच्या मागे मागे दुकानात येणाऱ्या शेपटानं आज असं काही पाहिलंय की मिळेल त्या कागदावर घाईघाईनं लिहायला बसलेय. अक्षराला नावं ठेवू नका.

मागे सांगितलं होतं ना, नसांच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात, आणि त्यातलं एक उघडलं की दुखण्याची खबर मेंदूकडे धावत सुटते. आम्ही त्याला चॅनेल म्हणतो. नेमकं तेवढंच दार बंद करणारं संयुग आम्ही चार वर्षं शोधतोय. एकशे सेहेचाळीस झाली, एकही धड नाही. आज सकाळी एकशे सत्तेचाळिसावं पेशीवर सोडलं, आणि दार उघडलं की पडद्यावर रोज दणकन उसळी घेणारी रेघ एकदम सपाट! मला वाटलं, वायर निघाली. देवाशप्पथ, आनंद व्हायच्या आधी मी टेबलाखाली शिरले. वायर जागच्या जागी. मग मिठाचं पाणी सोडून संयुग धुऊन काढलं, तर रेघ परत उसळली. पुन्हा सोडलं, पुन्हा सपाट. पाच पेशी घेतल्या, पाचही तशाच! हृदयाच्या पेशीवरच्या तसल्याच दाराला मात्र त्यानं हातसुद्धा लावला नाही. आमच्या मॅडम कधी हसत नाहीत, त्या चक्क टाळ्या पिटायला लागल्या.

यात तुमचाही वाटा आहे, बरं का. केसाहून बारीक काचेची नळी पेशीला अलगद टेकवायची असते, जरा जोर झाला की पेशी फुटली. पहिल्या वर्षी मी ढिगानं फोडल्या. मग दुकान आठवलं. फुग्याला साबण फासून तुम्ही मला वस्तरा फिरवायला लावायचात, तो फट्कन फुटायचा आणि गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. तुम्ही म्हणायचात, आधी कोपर टेकव, श्वास सोड, मग हात चालव. तेव्हापासून मी कोपर टेकवते.

आता मुद्द्याचं. अख्ख्या गल्लीची दाढी करणारा माणूस पाच वर्षं स्वतःच्या उजव्या गालाला हात लावू शकत नाही. पंख्याचा वारा लागला तरी कळ डोळ्यापर्यंत जाते. डावीकडे गुळगुळीत, उजवीकडे रान, आणि वर गिऱ्हाइकांना सांगता की नवी फॅशन आहे!

परवा दादानं फोनवर सांगितलं, डॉक्टरांनी दिलेली चेहऱ्याच्या नसेच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही दुसऱ्यांदा पुढे ढकललीत. पोरीचं औषध येतंय, म्हणालात. मी आधी दादावर ओरडले, मग रडले. औषध काढते, थांबा, असं छाती ठोकून मीच म्हणाले होते ना. बाबा, ते सापडलंय, पण ते तुमच्यासाठी नाही. आता उंदीर, मग धडधाकट माणसं, मग आजारी. दहा-बारा वर्षं, तीही सगळं नीट पार पडलं तर. फोन केला असता तर पहिलं वाक्य ऐकूनच तुम्ही गल्लीभर सांगत सुटला असता आणि तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली असती. म्हणून हे पत्र. माझा शब्द मी परत घेते. तुम्ही उद्याच डॉक्टरांकडे जा. मी महिन्याची रजा टाकलीय. जखम भरली की खुर्चीत तुम्ही बसायचं, उजवा गाल माझा. कोपर टेकवीन.

तुमचंच,
शेपूट