नाव न घेता

सोम., ४ ऑगस्ट
कंपनीत ‘मन मोकळं करा’ सप्ताह. फॉर्म वाटले. ‘मी इथे निर्भयपणे बोलू शकतो : होय / नाही.’ खाली नाव, टोकन नंबर, सही! गोळा करायला सुपरवायझर कदम डोक्यावर उभे. सगळ्यांचं ‘होय’, माझं एकट्याचं ‘नाही’. कदम हसले, "युनियनचे अध्यक्ष तुमी, कुणाला भिता? आमीच तुमच्या भाषणाला भितो." निर्भयतेची हजेरी घेतात लेकाचे.

मंगळ., ५
लोणी देवकरला कंपनीत जाणाऱ्या बसमध्ये पिंपळीचा दत्ता शेजारी. पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर असतो. महिन्यापूर्वी त्याच्यासमोर जोडीच्या कामगाराची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी तोच प्रेस धुऊन दत्ताच्या हाती. हळूच म्हणाला, "दादा, प्रेस खाली आला की हात थरथरत्यात. घरीबी बोललो न्हाय. तुमाला म्हणून सांगतो."

गुरु., ७
गेटसभा. पेटून बोललो. "फॉर्म भरून भीती जात नाही! रक्त धुतलेल्या प्रेसवर ज्याचे हात थरथरतात, त्याला विचारा!" कडकडून टाळ्या. पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. मी नाव घेतलं नव्हतं. पण तो प्रेस एकच, त्यावर माणूस एकच...

शनि., ९
दत्ताला पॅकिंगला टाकलं. म्हणे, ‘फिट असल्याचा दाखला आण, मग बघू.’ कँटीनमध्ये एकाने चहाचा कप मुद्दाम थरथरवत त्याच्यापुढे धरला. हसणाऱ्यांत आपले सभासदही. मी ओरडलो. ओरडता चांगलं येतं मला. दत्ता डबा न उघडताच उठला.

मंगळ., १२
काल आणि आज तो बसला आला नाही. सुटल्यावर पिंपळीला गेलो. ओट्यावर त्याचे वडील, तात्या. "या अध्यक्ष. भाषण लई गाजलं म्हणं. आमाला आमच्या पोराचं गावाकडनं कळलं."
एवढी पुस्तकं वाचली, पण ‘चुकलं’ म्हणताना जीभ अडखळली. म्हणालो कसंबसं. तात्यांनी गोठ्याकडे हाक मारली.
दत्ता गोठ्यातून आला. "उद्या मोठ्या सायबाकडं जाणार हाय. दाखला आणणार न्हाय. प्रेसला जाळी बसवा, मग उभा ऱ्हातो, एवढंच सांगणार."
"मी येऊ?"
"या. पर त्वांड उघडायचं न्हाय."

बुध., १३
सकाळी साडेदहा. साहेबांच्या केबिनबाहेरचा बाक. दत्ता मागणी लिहिलेल्या कागदाची घडी घालतो, उघडतो. हात थरथरतायत, लपवत नाही. आतून कदमांचं हसणं. मला दहा मुद्दे सुचताहेत, एकाहून एक धारदार. तोंड बंद राहावं म्हणून ही वही काढली आहे.
तो म्हणाला, "दादा, मी अडलो तरी बोलायचं न्हाय."
व्हय म्हणालो.
आतून हाक आली